लातूरचं रेडिओ केंद्र लातूरकराचं असावं का?

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी सांगलीकडे निघालो होतो. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. दोन दिवस कृष्णेचं पाणी चढत होतं आणि गाडीतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय? सांगलीत ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ड्रायव्हरने एफएम लावला. निवेदिका गोड मराठीत बोलत होती. तिने पावसाचं एक गाणं लावलं, मग दुसरं लावलं, मध्ये भज्यांची आठवण काढली. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि गावभागात राहणाऱ्या भावाला फोन करून पातळी विचारली.

नंतर चौकशी केली तेव्हा समजलं, की तो कार्यक्रम त्या रात्री सांगलीत होतच नव्हता. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत तो संध्याकाळीच ध्वनिमुद्रित झाला होता. रात्री इथल्या केंद्रात एक संगणक चालू होता, बाकी कुणी नव्हतं. त्या मुलीची काही चूक नव्हती. तिला बिचारीला कृष्णा चढतेय हे कुठून कळणार?

हा प्रसंग पुन्हा आठवायचं कारण म्हणजे सरकारचा एक निर्णय. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. आपल्याकडची लातूर, उदगीर, धाराशिव, बार्शी, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया, अचलपूर, मालेगाव आणि नंदुरबार ही शहरं त्या यादीत आहेत. मातृभाषेत स्थानिक कार्यक्रम येतील, बोलीला बळ मिळेल, नवे रोजगार तयार होतील, असं सरकारने सांगितलं. ते व्हावं अशी माझीही मनापासून इच्छा आहे. पण कार्यक्रम स्थानिक असणं आणि मालक स्थानिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची चर्चा खूप होते. दुसऱ्या गोष्टीकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून हा लेख.

रेडिओचा मालक नेमका कशाचा मालक असतो?

स्टुडिओ, माइक, संगणक ही सगळी बाजारात मिळणारी सामग्री आहे. पैसे असतील तर कुणीही घेईल. दुर्मीळ असते ती हवेतली जागा. एफएमसाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे. रेडिओवर ९४.३ किंवा ९८.३ असा जो आकडा आपण लावतो, ती या पट्ट्यातली एकेक जागा. दोन केंद्रं फार जवळ आली तर आवाज एकमेकांत मिसळतात, म्हणून आपल्याकडे एकाच शहरातल्या दोन केंद्रांत ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. शेजारच्या शहरांच्या जागा सोडा, आकाशवाणीच्या सोडा, म्हणजे मध्यम शहराच्या वाट्याला खाजगी वाहिन्या येतात त्या तीन किंवा चार.

कालव्यावर शेती असणाऱ्याला हे पटकन कळेल. पाटाचं पाणी कुणा एकाचं नसतं. शेतकऱ्याला मिळते ती पाळी. अमुक दिवशी, अमुक तास पाणी तुझं. त्या तासांत तो ऊस भिजवेल नाहीतर भुईमूग, पण म्हणून कालवा त्याचा होत नाही. एफएमचा परवाना म्हणजे अशीच पंधरा वर्षांची पाळी. आपण ज्याला सवयीने 'मालक' म्हणतो तो खरं तर पाळीवाला असतो.

ही माझ्या पदरची कल्पना नव्हे. क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा आणि त्यावर सरकारचीही मक्तेदारी चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वेगवेगळे विचार लोकांपर्यंत पोचावेत, हा त्या निकालाचा गाभा. खाजगी रेडिओची वाट तिथून मोकळी झाली. म्हणजे लातूरच्या हवेतली जागा कुणाला द्यायची यावर लातूरकराने बोलणं ही काही आगाऊपणाची गोष्ट नाही. ती जागा त्याचीही आहे.

इथवर आपण कसे आलो

भारतातला नियमित रेडिओ सुरू झाला तोच खाजगी कंपनीच्या हातून, हे फार जणांना माहीत नसतं. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबई केंद्र सुरू केलं. तीन वर्षांत ती कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला, तो पुढची सत्तर वर्षं तिथेच राहिला. १९९९ मध्ये खाजगी एफएमचं धोरण आलं आणि जुलै २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खाजगी केंद्र सुरू झालं.

पहिल्या टप्प्यात कंपन्यांनी लिलावात भरमसाट बोली लावल्या. वर परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होतं. कमाई होवो न होवो, हप्ता वाढतच जायचा. लिलाव शंभराहून जास्त वाहिन्यांचा झाला, प्रत्यक्ष सुरू झाली ती केवळ २१ केंद्रं. २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्यात पद्धत बदलली: सुरुवातीला एकरकमी प्रवेश शुल्क आणि नंतर दर वर्षी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के सरकारला. त्यानंतर रेडिओ वाढला. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं. आताचा लिलाव त्याच धोरणाखालचा आहे.

साखळी कशी चालते?

आज देशातल्या बहुतेक मोठ्या वाहिन्या कुठल्या ना कुठल्या वृत्तपत्र किंवा टीव्ही समूहाच्या आहेत. मिर्ची टाइम्स समूहाची, रेडिओ सिटी जागरणची, माय एफएम भास्करची, फीवर हिंदुस्तान टाइम्सची. रेड एफएममागे दक्षिणेतला सन टीव्ही समूह. या साखळ्यांनी रेडिओ पुन्हा तरुण केला, आरजे हा व्यवसाय उभा केला, हे मान्यच करायला हवं. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. साखळीचं गणित काय असतं एवढंच समजून घेऊ.

चार गावांत खानावळी चालवणारा माणूस एक दिवस विचार करतो: चार स्वयंपाकघरं, चार आचारी, चार ठिकाणची भाजीखरेदी कशाला? एकाच ठिकाणी रांधू आणि टेम्पोने चारही गावांना पाठवू. खर्च निम्म्यावर येतो, चव सगळीकडे सारखी राहते. फक्त बार्शीच्या गिऱ्हाइकाला भाकरीबरोबर ओला ठेचा हवा असेल तर ते त्या मध्यवर्ती भटारखान्यापर्यंत पोचत नाही. तिथे ठेचा कुणी मागितलेलाच नसतो.

रेडिओत या पद्धतीला 'नेटवर्किंग' म्हणतात: एका केंद्रावर तयार झालेला कार्यक्रम त्याच कंपनीच्या इतर केंद्रांवरून लावणं. दुसऱ्या टप्प्यात याची मुभा फक्त लहान शहरांना, तीही त्या त्या विभागापुरती होती. तिसऱ्या टप्प्यात ती देशभर दिली. कंपनीच्या दृष्टीने हे सरळ आहे. सकाळचे चार तास लातूरचा आरजे बोलेल, बाकीचा दिवस पुण्याचा किंवा मुंबईचा कार्यक्रम चालेल. मराठीच असेल तो. नीट ऐकलं तर कळतं, की या मराठीत गंजगोलाई येत नाही, 'कव्हा आलाव' येत नाही, बाजार समितीतला सोयाबीनचा भाव येत नाही.

जाहिरातीचंही तसंच. साबण, मोबाइल, मोटारी यांच्या जाहिरातींचे करार मुंबई-दिल्लीत होतात आणि दहा शहरांची पॅकेजं म्हणून विकले जातात. औसा रोडवरच्या कापड दुकानदाराची दसऱ्याची जाहिरात मिळवायची तर कुणीतरी स्कूटर काढून त्याच्याकडे जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, उधारी सांभाळावी लागते. ज्याचं अख्खं उत्पन्न लातूरचं, तो हे करतो. ज्याच्या ताळेबंदात लातूर म्हणजे चाळिसावी ओळ, त्याने तेवढे कष्ट घ्यावेत अशी अपेक्षा तरी कशी करायची?

नियम मालकीबद्दल काय म्हणतात?

आतापर्यंत दोन कुंपणं होती. पहिलं देशपातळीवरचं: कुठल्याही एका कंपनीकडे देशातल्या एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून जास्त असू नयेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने हे कुंपण काढून टाकलं.

दुसरं कुंपण शहरापुरतं: एका शहरातल्या ४० टक्क्यांहून जास्त वाहिन्या एकाकडे नकोत आणि शहरात किमान तीन वेगळे चालक असावेत. हे कायम आहे आणि ते चांगलंही आहे. पण ते कशाची हमी देतं ते नीट पाहा. तीन वेगळे मालक असतील, एवढीच हमी. तिघांचीही कार्यालयं मुंबई-दिल्लीत असली तरी नियमाला चालतं.

बोली कोण लावू शकतो, हा त्याहून कळीचा मुद्दा. कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनीच लिलावात येऊ शकते. न्यास, सोसायट्या, ना-नफा संस्था चालत नाहीत. राजकीय आणि धार्मिक संस्था चालत नाहीत, जाहिरात संस्थाही नाहीत. यातली काही बंधनं शहाणपणाची आहेत. महाराष्ट्राच्या नजरेने पाहिलं तर मात्र एक जागा खटकते. ज्या राज्यात हजारो सभासदांनी शेअर घेऊन साखर कारखाने, दूध संघ, बँका उभ्या केल्या, तिथे 'सभासदांच्या मालकीचं व्यापारी रेडिओ केंद्र' हा सगळ्यात ओळखीचा मार्ग सहकारी संस्थेच्या रूपात बंद आहे. सभासदांना कंपनी काढावी लागेल.

लहान कंपन्यांसाठी एक दार किंचित उघडलंय हेही सांगितलं पाहिजे. शहरांचे लोकसंख्येप्रमाणे वर्ग केलेले असतात. तीन ते दहा लाखांची शहरं 'क' वर्गात, एक ते तीन लाखांची 'ड' वर्गात. या दोन वर्गांसाठी कंपनीची देणी वजा जाता उरणारी मालमत्ता पूर्वी दीड कोटी लागायची, २०२३ च्या बदलात ती एक कोटीवर आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच-सात व्यापारी, डॉक्टर, बागायतदार एकत्र आले तर हे जमण्यासारखं आहे.

अडचण पुढे येते. ७३० वाहिन्यांची मिळून राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होणार ती रक्कम, ७८४.८७ कोटी रुपये ठेवली आहे. सरासरी काढली तर वाहिनीमागे कोटीच्या थोडी वर. सरासरी फसवी असते, लहान गावाला कमी आणि मोठ्याला जास्त लागणार. पण जिंकणाऱ्याला ही रक्कम पहिलं गाणं वाजण्याआधी भरायची असते. त्यावर मनोरा, ट्रान्समीटर, स्टुडिओ, पगार. साखळी ही रक्कम इतर शहरांच्या नफ्यातून भरते. लातूरच्या सात जणांना ती बँकेकडून आणावी लागते, आणि लहरींचा परवाना तारण ठेवून कर्ज देणारी बँक शोधणं सोपं नाही.

समजा त्यांनी सगळं जमवलं. नियमाप्रमाणे मुख्य भागधारकाला केंद्र सुरू झाल्यापासून तीन वर्षं आपला हिस्सा विकता येत नाही. त्यानंतर येतो. म्हणजे चौथ्या वर्षी एखादी साखळी चांगली किंमत देऊन ते केंद्र घेऊ शकते. 'स्थानिक मालक' ही अट सुरुवातीला नाही आणि पुढे तर नाहीच.

मायनॉटची ती रात्र

मालकीचा प्रश्न जगात सगळ्यात जोरात गाजला तो अमेरिकेत. तिथे १९९६ पर्यंत एका कंपनीला देशभरात ४० केंद्रांहून जास्त ठेवता येत नव्हती. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढली. काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे १,२०० च्या वर केंद्रं जमली.

नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं छोटं शहर आहे. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास शहराबाहेर मालगाडी रुळांवरून घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर आला. कडाक्याची थंडी, काही भागात वीज गेलेली. घरात थांबायचं की बाहेर पळायचं हे लोकांना कळेना. गावातली सहा व्यापारी रेडिओ केंद्रं त्या एकाच कंपनीची होती. पोलिसांनी आणीबाणीसाठी नेमलेल्या केंद्राला फोन लावले, पण वेळेवर कुणी मिळालं नाही. एका माणसाचा जीव गेला, शेकडो लोकांना बाधा झाली.

कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. आमचा माणूस केंद्रावर होता, पोलिसांनी आपल्याकडची इशारा यंत्रणा नीट वापरली नाही, असं तिचं म्हणणं होतं. दोष कुणाचा किती, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्यातून दिसतं ते एवढंच: सहा केंद्रांचे सहा मालक असते तर त्या रात्री फोन करायला सहा वेगळी दारं असती. सगळी बंद सापडण्याची शक्यता कमी झाली असती.

आणि ज्या काटकसरीसाठी हे सगळं केलं ती तरी टिकली का? त्या कंपनीचं नाव पुढे आयहार्टमीडिया झालं आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००८ मध्ये गुंतवणूक संस्थांनी ती कंपनीच विकत घेताना तिच्यावर चढवलेलं कर्ज केंद्रांच्या कमाईतून फिटलं नाही. मोठं असणं म्हणजे मजबूत असणं, हे रेडिओत तरी सिद्ध झालेलं नाही.

"पण स्थानिक मालक चांगलाच असेल कशावरून?"

नसेलही. हा आक्षेप खरा आहे आणि आपल्याकडे तर फारच खरा. जिल्ह्याच्या ठिकाणी पैसा कुणाकडे असतो? कंत्राटदार, शिक्षणसम्राट, कारखान्याचे अध्यक्ष, जमिनीचे व्यवहार करणारे. राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही, पण पुढाऱ्याच्या मेव्हण्याच्या कंपनीला अडवणं अवघड. मुंबईच्या साखळीला निदान लातूरच्या नगरसेवकाची भीती नसते.

म्हणून स्थानिक मालकी हा सद्गुण समजू नये, ती जवळीक आहे. जवळीक दोन्हीकडे कापते. स्थानिक मालकाला दबाव जवळून येतो, तसा जाबही जवळूनच विचारता येतो. त्याची मुलं त्याच शाळेत जातात, तो त्याच भाजी मंडईत दिसतो. चूक झाली तर सकाळी चार जण त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. दूरच्या कंपनीला तक्रारीचा ईमेल जातो.

कोल्हापूरकडे पाहा. तिथे 'पुढारी' समूहाचं टोमॅटो एफएम आहे, शहरातल्याच वृत्तपत्राचं, आणि त्याच शहरात बाहेरच्या साखळ्यांची केंद्रंही आहेत. हे मिश्रण मला आवडतं, पण त्यातही एक गाठ आहे. गावातलं मोठं वर्तमानपत्र आणि गावातला रेडिओ एकाच घरात असतील तर आवाज दोन झाले की एकच जोरात झाला? केरळात मल्याळा मनोरमाचा रेडिओ मँगो आणि मातृभूमीचा क्लब एफएम आहे, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. माझं मत असं, की शहरातल्या तीन-चार वाहिन्यांपैकी एक तरी अशा मालकाची असावी ज्याचा पत्ता त्याच जिल्ह्यातला आहे, आणि शक्यतो ज्याचं वर्तमानपत्र नाही. सगळ्या स्थानिकांच्या हाती द्या असं मी म्हणत नाही.

"लहान माणसाला हा धंदा परवडेल का?"

जाहिरातीचा दर ऐकून घ्या. एफएमवरच्या केंद्र सरकारच्या जाहिरातींचा मूळ दर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. हा पायाभूत आकडा आहे, श्रोत्यांच्या संख्येप्रमाणे तो वर जातो. तरी लहान शहराच्या केंद्राला महिन्याचे पगार काढायला किती 'दहा सेकंद' विकावे लागतील, ते तुम्हीच मोजून पाहा.

म्हणजे तंगी आहेच. पण ती साखळीलाही आहे. साखळी तंगीवर उपाय म्हणून माणसं कमी करते आणि संगणक बसवते. स्थानिक मालकाकडे दुसरा उपाय असतो, तो म्हणजे शेकडो लहान जाहिरातदार. कोचिंग क्लास, ट्रॅक्टरची एजन्सी, मंगल कार्यालय, बियाण्यांचं दुकान. हे लोक मोठ्या साखळीच्या रडारवर नसतात. धोरणाने मदत करायची असेल तर ती प्रवेश शुल्कात करावी: लहान गावात एकरकमी भरणा न मागता हप्ते द्यावेत, किंवा सुरुवातीची काही वर्षं फक्त उत्पन्नातला वाटा घ्यावा. पहिल्या टप्प्यातल्या चुकीतून सरकारने २००५ मध्ये हाच धडा घेतला होता. तो आता बार्शी-उदगीरपर्यंत न्यायचा आहे.

"आकाशवाणी आहे, कम्युनिटी रेडिओ आहे. मग आणखी काय हवं?"

दोन्ही आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांनी शेती, बोलीभाषा, लोककलाकार यांना जो मान दिला तो कुठल्याच खाजगी वाहिनीने दिला नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी गावातल्या बायकांच्या आवाजात चालते. पण कम्युनिटी रेडिओ ना-नफा संस्थेचा असतो, त्याचा ट्रान्समीटर लहान आणि आवाका गावाभोवतीच्या दहा-पंधरा किलोमीटरचा. तो तालुकाभर पुरत नाही. आकाशवाणी सरकारी चौकटीत चालते. व्यापारी एफएम या दोघांच्या मधली जागा भरतो: जिल्हाभर ऐकू येणारा, आणि स्वतःच्या कमाईवर उभा म्हणून स्वतःचा निर्णय घेऊ शकणारा. तो निर्णय घेणारा माणूस कुठे बसतो, हाच आपला मुद्दा आहे.

"मोबाइल असताना रेडिओ कोण ऐकतं?"

२०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीत जे अडकले होते त्यांना हे विचारा. वीज गेली की मोबाइलची बॅटरी दिवसभर टिकते. मनोऱ्याचं डिझेल संपलं की बॅटरी असूनही फोन मुका होतो. व्हॉट्सॲपवर जे येतं त्यात खरं काय आणि तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कुठला, हे ठरवायला कुणी नसतं. दोन सेलवर चालणारा रेडिओ आठवडाभर चालतो आणि एका वेळी अख्ख्या जिल्ह्याला एकच खात्रीची गोष्ट सांगतो.

पूर सोडा, रोजचं घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा शहरातल्या घराघरांत एकच प्रश्न होता: आपल्या भागात पाणी कधी सुटणार? हे सांगणारा आवाज राष्ट्रीय असून चालत नाही. त्याला टाकी कुठली आणि गल्ली कुठली हे ठाऊक असावं लागतं.

बातम्यांची बंदी मध्ये येते का?

येते, पण लोकांना वाटतं तेवढी नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, एवढंच. मात्र हवामान, वाहतूक, वीज-पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, सणवार, नैसर्गिक आपत्ती ही माहिती 'बातमी' धरली जात नाही. ती द्यायला मोकळीक आहे; वीज-पाणी आणि आपत्तीची माहिती फक्त स्थानिक प्रशासनाकडून आलेली असावी लागते. म्हणजे त्या रात्री आयर्विन पुलाची पातळी सांगायला कुठलाही नियम आड येत नव्हता. सांगणारं कुणी तिथे नव्हतं.

दूरसंचार नियामक 'ट्राय'ने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली आहे, की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. ती मान्य झाली तर मालकीचा प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होईल. गाणी कुणी निवडली याने फार बिघडत नाही. जिल्ह्यातली कुठली बातमी सांगायची आणि कुठली गाळायची हे कोण ठरवणार, याने मात्र बिघडतं. म्हणून आधी मालकीचे नियम नीट करावेत आणि मग बातम्या खुल्या कराव्यात, हा क्रम मला योग्य वाटतो.

मग करायचं काय?

इतर देशांत थोडं शिकण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात ग्रामीण भागातल्या व्यापारी केंद्रांवर कामाच्या दिवशी साधारण तीन तास स्थानिक मजकूर देण्याचं कायदेशीर बंधन आहे. मालक कुणीही असो, तास मोजले जातात. ब्रिटनमध्ये उलट झालं. २०२० मध्ये बाउर कंपनीने विकत घेतलेल्या डझनावारी स्थानिक केंद्रांची नावं पुसून ती एकाच राष्ट्रीय नावाखाली आणली. गावांची नावं असलेली केंद्रं एका दिवसात इतिहासजमा झाली.

आपल्या नव्या शहरांसाठी मला तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक शहरात एक वाहिनी त्याच जिल्ह्यात नोंदणी आणि बहुसंख्य भागभांडवल असलेल्या कंपनीसाठी राखीव असावी, आणि ती विकायची तर तशाच कंपनीला. तिच्यासाठी सहकारी संस्थांनाही दार उघडावं. तिसरी गोष्ट मालकीशी संबंधित नाही, सगळ्यांनाच लागू व्हावी: केंद्रात चोवीस तास एक जिवंत माणूस, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाकडे त्याचा थेट नंबर.

दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या जुन्या केंद्रांची पंधरा वर्षांची मुदत २०३० मध्ये संपते. त्याआधी नियमांवर पुन्हा चर्चा होणार हे नक्की. 'ट्राय' अशा वेळी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करतं आणि लेखी सूचना मागवतं. सूचना पाठवायला कंपनी असावं लागत नाही, श्रोता असणं पुरतं. मी माझी लिहून ठेवली आहे: रात्री साडेअकराला केंद्रातला फोन वाजला तर तो कोण उचलणार, आणि चालू गाणं थांबवायला त्याला कुणाची परवानगी लागणार, हे अर्जदार कंपनीने बोलीच्या अर्जातच लिहून द्यावं.